आईचा साधा भूतकाळ

नाही, पण मी म्हणते, बारा लागतात कशाला हो? बारा! माणसाला जगायला काल, आज आणि उद्या एवढे पुरत नाहीत? आमच्या आईबापांना पुरले, मला पुरले, माझ्या लेकीला कॉलेजात जाईपर्यंत पुरले... पण इंग्रजीला नाही पुरत! इंग्रजीत म्हणे वर्तमानकाळ चार, भूतकाळ चार, भविष्यकाळ चार, आणि हे सगळेच्या सगळे आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या भिंतीवर, हा एवढा मोठ्ठा तक्ता, तीन रंगांत, चिकटपट्टीने लावलेला. मी कढई तापत ठेवली की वाफ जाते ती सरळ भविष्यकाळावर. आमचा भविष्यकाळ केव्हाच तेलकट झालाय, तुम्हाला सांगते!

आणि नावं तरी काय एकेकाची! साधा. ठीक आहे, साधा मी समजू शकते. चालू. तोही समजला. पूर्ण. बरं. आणि चौथा कोणता, तर चालू पूर्ण! अहो, चालू पूर्ण म्हणजे काय? एक तर काम चालू असेल, नाहीतर पूर्ण झालं असेल! गवंड्याला विचारलं, बाबा रे, भिंत झाली का, आणि तो म्हणाला, 'बाई, चालू पूर्ण आहे,' तर ऐकून घ्याल तुम्ही?

सकाळी चहाचा कप पुढे ठेवला की आमचे हे आधी कपाकडे बघतात. मग म्हणतात, 'आय ड्रिंक टी.' कप उचलतात. 'आय ॲम ड्रिंकिंग टी.' एक घोट. 'आय हॅव बीन ड्रिंकिंग टी सिन्स...' इथे अडतात, कारण सिन्स की फॉर हे काही केल्या आठवत नाही, आणि मग कप हवेत, डोळे तक्त्यावर, चहावर साय... आणि शेवटी मलाच, 'अगं, हा गार झालाय, जरा गरम करून दे.' मी म्हणते, देते, पण कोणत्या काळात देऊ तेवढं सांगा! काळ बारा हो... आणि मी एकटी!

आता आमचे हे म्हणजे अगदीच हे आहेत असं समजू नका. नळांच्या कारखान्यात माल रवाना करायचं खातं यांच्याकडे आहे. कुठल्या खोक्यात शॉवर, कुठल्यात बेसिनचे नळ, गाडीत काय आधी चढवायचं म्हणजे उतरवताना हाताशी येईल, डोळे मिटून सांगतील. नुसतं खोकं कानाशी हलवून म्हणतात, 'आत वॉशर कमी आहे.' आणि असतो! कामात माणूस कुठे कमी नाही. पण झालं काय, तो कारखाना परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने घेतला, आणि दर सोमवारी कॉम्प्युटरवर मीटिंग सुरू झाली. पडद्यावर छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक साहेब, आणि मधल्या चौकोनात मोठ्या मॅडम.

पहिल्याच मीटिंगला मॅडमनी विचारलं, माल निघाला का. आता तुम्हीच सांगा, आपल्याला कोणी फोनवर विचारलं, 'निघालात का?' तर आपण काय म्हणतो? 'निघालेच!' म्हणतो की नाही? आणि तेव्हा आपण कुठे असतो? आंघोळीला! 'आलेच' म्हणतो तेव्हा चपला सापडलेल्या नसतात. 'झालंच' म्हणतो तेव्हा गॅस पेटवलेला नसतो. आपला भूतकाळ हा असा समोरच्याला धीर द्यायला असतो हो! त्यात खोटं कोणी बोलत नाही आणि खरं कोणी मानत नाही. तर हे आपल्या सवयीने म्हणाले, 'गुड्स लेफ्ट, मॅडम.' निघालाच! मॅडमनी बिचारीने तिकडे गिऱ्हाइकाला कळवून टाकलं की माल बोटीवर चढला... आणि इकडे माल गोदामात मांडी घालून बसलेला, अजून खोक्यांना पट्ट्यासुद्धा मारायच्या होत्या! पुढच्या सोमवारी मॅडम म्हणाल्या, 'यू सेड इट लेफ्ट. डिड इट लीव्ह?' तर हे छाती पुढे काढून, 'येस मॅडम! टुमारो!'

झालं. वरून हुकूम आला, इंग्रजीची शिकवणी. मॅडम तशा गोड बाई आहेत, वाईट नाही म्हणणार मी, पण गोड आवाजातच सांगितलं त्यांनी, की सुधारणा दिसली नाही तर मीटिंगमध्ये बोलायचं काम दुसऱ्याला देऊ, तुम्ही फक्त गोदाम बघा. फक्त गोदाम! त्या दिवशी हे जेवले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाले, 'आजवर प्रत्येक गाडीला मी निरोप दिला, आणि ती गेली हे सांगणार दुसरा?'

म्हणून ही शिकवणी. तीही कॉम्प्युटरवरच. सर अगदी पोरगेलेसे, पण आवाज काय मधाळ! चुकलं की आधी पाठ थोपटायची आणि मग धपाटा घालायचा. 'व्हेरी नाइस, सर! चूक!' आणि आमचे हे म्हणजे शंका घेण्यात पहिले. म्हणाले, 'सर, हॅव म्हणजे जवळ असणे, बरोबर?' 'व्हेरी नाइस!' 'मग आय हॅव लॉस्ट माय की म्हणजे किल्ली माझ्याजवळ आहे की हरवली?' 'हरवली, सर.' 'मग हॅव कशाला?' सर जरा घुटमळले. म्हणाले, 'किल्ली तुमच्याजवळ नाही, पण ते हरवणं तुमच्याजवळ आहे.' आमचे हे दोन दिवस ते हरवणं खिशात घालून फिरत होते हो! मग सरच म्हणाले, 'असं लक्षात ठेवा, गोष्ट घडून गेली, पण तिचा परिणाम अजून चालू आहे, तिथे हॅव.' मी आत भांडी विसळत होते, तिथूनच ओरडले, 'म्हणजे लग्न!' सर म्हणाले, 'व्हेरी नाइस, मॅडम!' आणि पहिल्यांदाच पुढे 'चूक' म्हणाले नाहीत.

शेवटी सरांनीच हात टेकले. म्हणाले, मीटिंगमध्ये गोंधळ उडाला, काही सुचेनासं झालं, तर घाबरायचं नाही, सरळ साधा भूतकाळ धरायचा. वॉज, डिड, वेंट. ऑफिसात झालेल्याच गोष्टी सांगायच्या असतात. साधा भूतकाळ कधी दगा देत नाही. कधी दगा देत नाही म्हणे! त्या सरांना एकदा घरी जेवायला बोलवायचंय मला... काळ बारा हो, आणि मी एकटी!

आता इथे माझी आई येते. माझे वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. आणि आई आणि हे... कसं सांगू तुम्हाला? भांडण नाही हो. भांडण असतं तर बरं, घरात आवाज तरी झाला असता. दोघं एकमेकांशी बोलतात, पण माझ्यातून. आई म्हणणार, 'त्यांना सांग, पेपर वाचून झाला असेल तर इकडे द्या.' आणि ते कुठे, तर हाताच्या अंतरावर बसलेले! हे म्हणणार, 'आईंना सांग, चष्मा त्यांच्या डोक्यावर आहे.' मी मधे नुसती मान हलवत, ह्या बाजूने त्या बाजूला. यांनी सासूबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही, खोटं कशाला बोलू. पण चांगलाही नाही! आईने केलेलं खाऊन ताट लख्ख करतील, पण 'छान झालंय' म्हणायचं म्हटलं की तोंडाला पट्टी. आई मला म्हणायची, 'तुझा नवरा जेवत नाही गं, खोकं भरतो.'

तर ही आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मी नुसतीच 'आई, आई' करतेय, लेक रडायला लागली, पण हे... तुम्हाला सांगते, काय धावले! आमचा जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना, ॲम्ब्युलन्सची माणसं एकमेकांवर खेकसतायत, तर हे पुढे झाले, 'डोकं वर, पाय तिरके, आता डावीकडे, आता थांबा...' असं करत एक धक्का न लागू देता आईला खाली उतरवलं. ऑपरेशन चालू होतं तोवर बाकावर बसून एकच जप, 'काही होत नाही, काही होणार नाही, काही झालेलं नाही...' स्वतःशीच, मराठीत. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, ऑपरेशन उत्तम झालं, तेव्हा यांनी पटकन तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर काही नव्हतं बघण्यासारखं.

आणि नेमका तो सोमवार! घरी आलो, तर हे कपडेसुद्धा न बदलता मीटिंगला बसले. मी शेजारच्या खोलीत दवाखान्यात न्यायला आईचे कपडे भरत होते, दार उघडंच. सासूबाई आजारी आहेत एवढं मॅडमना रजेच्या वेळी कळलेलं. त्यांनी विचारलं, 'हाऊ इज युअर मदर-इन-लॉ?'

आता बघा, या माणसाच्या डोळ्यांत झोप नाही, पोटात अन्न नाही, डोक्यात बारा काळ एकमेकांच्या अंगावर पडलेले... आणि आठवलं कोण, तर सर! साधा भूतकाळ!

'मॅडम,' हे म्हणाले, 'शी वॉज व्हेरी गुड वुमन.'

माझा हात पिशवीतच थांबला.

'शी लिव्ड विथ अस. शी कुक्ड, आय एट. शी नेव्हर स्लेप्ट बिफोर आय केम होम. आय न्यू, मॅडम. आय सेड नथिंग.'

तुम्हाला सांगते, आईचं स्वेटर छातीशी धरून मी तशीच उभी! मराठीत जे कधी बाहेर पडलं नाही ते इंग्रजीत पडत होतं, मोडकंतोडकं, ठेचकाळत... 'डॉक्टर्स डिड एव्हरीथिंग. ऑपरेशन फिनिश्ड. पेन फिनिश्ड. नाऊ हर चेअर इज एम्प्टी, मॅडम.' मला कुठलं वॉज ऐकू येतंय आणि कुठलं इज! मी रडत होते. मला वाटलं, कौतुक करायचं म्हणजे इंग्रजीत असंच करत असतील.

दारातून मला पडदा दिसत होता. कोणी छातीवर हात ठेवलेला, कोणी मान खाली घातलेली, मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, जा तुम्ही, काम राहू दे, घरच्यांजवळ राहा. हे बाहेर आले ते डोळे पुसत. म्हणाले, 'काय माणुसकी आहे बघ. आपल्या आईंचं हाड मोडलं, तर तिकडे अख्खी कंपनी रडली!'

दुसऱ्या दिवशी दारात फुलं. फुलं म्हणजे काय, गाडीच्या चाकाएवढं गोल, सगळी पांढरी, मधे मोकळं. मी म्हटलं, किती छान, किती निराळा गुच्छ, लवकर बऱ्या व्हा म्हणून पाठवलाय. टॅक्सीत मांडीवर धरून नेला मी तो दवाखान्यात! लिफ्टमधली माणसं आदबीने बाजूला झाली. मी म्हटलं, हल्ली शिस्त वाढलीय. आईच्या पलंगाशी, उशीमागे, नीट उभा करून ठेवला. नर्स आली, थबकली, म्हणाली, 'हे कोणाचं?' मी आईकडे बोट दाखवून म्हटलं, 'यांचं.' तिने आईच्या पायाशी लावलेला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग लेक आली कॉलेजातून. तिने त्यातलं कार्ड काढलं, वाचलं, आणि तोंडावर हात दाबून मटकन खालीच बसली. आई म्हणाली, 'काय लिहिलंय गं?' 'आजी... तुझ्या आत्म्याला शांती लाभो म्हणतायत.' आई म्हणाली, 'बरं. त्यांना कळव, लाभतेय थोडी थोडी, पण खुबा ठणकतो.'

तेवढ्यात हे आले, डब्याची पिशवी घेऊन. लेकीने दारातच अडवलं. 'बाबा, मीटिंगमध्ये नेमकं काय म्हणालात? शब्दाला शब्द सांगा.' यांनी सांगितलं. निरागसपणे, सगळं, पहिल्यापासून! आणि लेक आजीला एकेक वाक्य मराठीत करून द्यायला लागली. 'आजी, बाबा म्हणाले, तू फार चांगली बाई होतीस.' आई म्हणाली, 'होतीस?' 'होतीस. आमच्याकडे राहायचीस. तू स्वयंपाक करायचीस आणि बाबा जेवायचे. बाबा घरी आल्याशिवाय तू कधी झोपायची नाहीस. बाबांना ते माहीत होतं, पण ते काही बोलले नाहीत.' हे हळूहळू त्या फुलांच्या चाकामागे सरकत होते, आणि त्या मधल्या मोकळ्या जागेतून यांचं तोंड दिसत होतं! हसू येत होतं मला, खोटं नाही सांगत. पण आई हसली नाही. आई वर छताकडे बघत होती. म्हणाली, 'म्हणजे जावईबापूंना माझ्याबद्दल चार शब्द बोलायला मी आधी जायला हवं होतं.'

हे फुलांच्या चाकामागून बाहेर यायला तयार नाहीत. मग आईच म्हणाली, 'त्यांना सांग, फुलं राहू देत. छान आहेत.'

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं मॅडमना, आहे म्हणून, जिवंत आहे म्हणून! मीही तेच म्हटलं. तर हे म्हणाले, 'अगं, ज्याला माणूस आहे की गेलं हे सांगता येत नाही, त्याला माल आहे की गेला हे कोण विचारणार?' फक्त गोदाम! ते दोन शब्द यांच्या छातीवर बसलेले. म्हणून ठरलं काय, की हळूच, आडवळणाने, बरोबर काळात सांगायचं, म्हणजे मॅडमना कळेल आणि चूकही दिसणार नाही. आई घरी आल्यावर सरांना बसवून वाक्यं घोटली. वॉज बंद! वॉज तोंडातूनही काढायचं नाही! हे घरभर पुटपुटत फिरतायत, आईला वॉकर धरून चालवायचं मी, गोळ्या द्यायच्या मी, आणि मधेच हे येऊन विचारणार, 'हॅज कम की हॅज केम?' काळ बारा हो... आणि मी एकटी!

सोमवार उजाडला. हे पडद्यासमोर ताठ बसले आणि म्हणाले, 'मॅडम, मदर-इन-लॉ हॅज कम होम.' एकदम बरोबर! मॅडमचा चेहरा हळवा झाला. म्हणाल्या, 'ओह... अँड व्हेअर डिड यू पुट हर?' हे म्हणाले, 'इन द हॉल, मॅडम. नियर द विंडो. शी लाइक्स सनलाइट.' मॅडम म्हणाल्या, 'दॅट्स ब्यूटिफुल.' हे खूष! म्हणाले, 'येस मॅडम. एव्हरी मॉर्निंग माय वाइफ क्लीन्स हर.'

लेक दाराआडून ऐकत होती, तिने कपाळावर हात मारला. मीटिंग संपल्या संपल्या म्हणाली, 'बाबा! तिकडे माणूस गेलं की रक्षा बरणीत भरून घरात ठेवतात! त्यांना वाटतंय, आजी बरणीत आहे!' बघा म्हणजे! प्रत्येक वाक्य बरोबर, एकही काळ चुकलेला नाही, सर म्हणाले, 'व्हेरी नाइस,' नुसतंच व्हेरी नाइस... आणि आई बरणीत!

आणि मग आमच्या नशिबाने मॅडम स्वतःच कारखाना बघायला आल्या. आल्या त्या आल्या, आणि म्हणाल्या, मला तुमच्या घरी यायचंय, त्यांच्यापाशी दोन मिनिटं बसायचंय. त्यांच्यापाशी म्हणजे बरणीपाशी! हे घरी आले ते पांढरेफटक. आईसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, 'आईंना सांग, थोडा वेळ आईंची बहीण म्हणून बसाल का?' आई म्हणाली, 'त्यांना सांग, मी माझ्याच घरात माझी बहीण होणार नाही.' 'मग निदान आतल्या खोलीत...' 'त्यांना सांग, नवा खुबा बसवलाय तो चालायला, लपायला नाही.' आणि लेकीकडून केस विंचरून घेतले, धुतलेली शाल मागितली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. वॉकर समोर, दोन्ही हात वॉकरवर. फोटो काढायला बसतात तशी.

बेल वाजली. मॅडम, काळे कपडे, हातात पांढरी फुलं, चेहरा उतरलेला. मी 'या' म्हटलं. त्या आत आल्या आणि सरळ खिडकीकडे बघायला लागल्या, बरणी शोधत. खिडकीत आई. आईने मान हलवली. मॅडमनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. 'अँड... हू इज धिस?'

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. बाराच्या बारा काळ त्या तोंडावरून जाताना मला दिसले, तुम्हाला सांगते, एक थांबायला तयार नाही! ओठ हलले. 'धिस... वॉज...'

ठक्! आईने वॉकर जमिनीवर आपटला.

यांनी डोळे मिटले. उघडले. आणि म्हणाले, 'मॅडम. शी इज.'

बस! पुढे काही नाही. मॅडम म्हणाल्या, 'शी इज... व्हॉट?' 'शी इज, मॅडम,' हे म्हणाले, घाम पुसत. 'शी... इज. आय युज्ड राँग टेन्स.'

मॅडमच्या हातातली फुलं सुटली. पण त्यांनी काही बोलायच्या आधी आई बोलली. आणि कोणाशी, माहितीये? मला नाही सांगितलं, 'त्यांना सांग' म्हणून. सरळ यांच्याकडे बघून म्हणाली, 'जावईबापू, ते सगळं आता परत म्हणा. आहे लावून म्हणा.' हे सवयीने माझ्याकडे बघायला लागले, मी निरोप देईन म्हणून. मी म्हटलं, 'माझ्याकडे काय बघताय? तुम्हालाच म्हणतेय आई.'

मग हे बोलले. मॅडमकडे तोंड करून, पण डोळे आईकडे. 'शी इज अ व्हेरी गुड वुमन. शी लिव्ह... लिव्हज विथ अस.' तो शेवटचा ज असा अलगद बसवला, नळात वॉशर बसवावा तसा. 'शी डझ नॉट स्लीप बिफोर आय कम होम. आय नो, मॅडम.' थांबले. 'आय से नथिंग.'

आई म्हणाली, 'आता मराठीत.'

मराठीत म्हटल्यावर बराच वेळ लागला हो. पायाचा अंगठा जमिनीवर घासून झाला, खिडकीबाहेर बघून झालं. मग एवढंच म्हणाले, 'आई... जेवण छान असतं.'

असतं! नेहमी घडणारी गोष्ट, साधा वर्तमानकाळ! माझे डोळे भरून आले, आणि आई काय म्हणाली? म्हणाली, 'हल्ली मीठ कमी असतं. हिच्या हातचं आहे.' घ्या! जन्मात पहिल्यांदा या घरात जेवणाचं कौतुक झालं, आणि गेला महिनाभर चुलीपुढे कोण उभं आहे? मी!

लेकीने मॅडमना सगळं उलगडून सांगितलं, पहिल्या वॉजपासून बरणीपर्यंत. मॅडम हसायला लागल्या त्या थांबेनात. खुर्चीचा हात धरून हसल्या, हसता हसता खाली बसल्या, आईचा हात हातात घेतला, आणि बघता बघता ते हसूच रडू झालं. म्हणाल्या, 'माय मदर इज अ टीचर. शी इज...' आणि थांबल्या. ओठ चावला. 'शी वॉज,' म्हणाल्या. गेल्या वर्षी गेली होती त्यांची आई. अजून त्यांच्या तोंडी इजच येतं म्हणे. इंग्रजीत जन्मलेली बाई हो, आणि तिचाही तोच काळ चुकत होता, जो यांचा चुकला! फक्त दुसऱ्या बाजूने.

आणि आमच्या यांनी काय केलं असेल? वाकून खाली पडलेली फुलं उचलली, त्यांच्या हातात दिली, आणि अगदी हळू म्हणाले, 'इज, मॅडम. व्हेरी नाइस.' चूक नाही म्हणाले.

तर बोलायचं काम राहिलं यांच्याकडेच. मॅडमनी एकच अट घातली, मालाबद्दल विचारलं की दोनच उत्तरं, 'गॉन' नाहीतर 'नॉट गॉन'. मधलं काही नको. आई बरी आहे, वॉकर सुटला, काठी आली. घरात निरोप परत माझ्यातूनच चालू झालेत, पण अधूनमधून एखादा थेट जातो. परवा आई यांना म्हणाली, 'मी झोपत नाही म्हणून सांगितलंत ना मॅडमना, ते आता काढून टाका, डॉक्टरांनी गोळी दिलीय.' हे म्हणाले, 'बरं.' बास, एवढंच, पण माझ्या डोक्यावरून गेलं, मला मधे न घेता!

मला वाटलं, सुटले एकदाची. तक्ता उतरवला, भिंत पुसून घेतली. तर काल हे आले ते बगलेत नवी गुंडाळी घेऊन. मी म्हटलं, हे काय आणखी? म्हणाले, 'पुढची पातळी. मॅडमनी स्वतः नाव घातलंय. जर आणि तर.' मी ओटा पुसत होते. हे गुंडाळी उलगडत म्हणाले, 'अगं, जे होऊ शकलं असतं पण झालं नाही, आणि आता व्हायचीही शक्यता नाही, ते बोलायची इंग्रजीत खास सोय आहे. इफ आय हॅड डन, आय वुड हॅव गॉन... फार म्हणजे फार अवघड आहे. सर म्हणतात, नीट यायला वर्ष जाईल.'

मी फडकं पिळलं. म्हटलं, 'वर्ष कशाला घालवताय? मला विचारा. मी ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अस्खलित बोलतेय... मनातल्या मनात.'